कुठवर पोचली?

"नागपूर? म्हणजे नक्की किती लांब गं?"

2013 साली पुण्यात नोकरीला लागले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारी अस्सल सदाशिव पेठेतली. तिच्या हिशेबाने शिक्रापूर ओलांडलं की पुढे सगळा विदर्भच! मी म्हटलं, "सोळा तास." ती म्हणाली, "अगं, तास नाही, किलोमीटर विचारतेय." आणि खरं सांगते, मला सांगता येईना. आमच्या घरी अंतर किलोमीटरमध्ये कुणी कधी मोजलंच नव्हतं.

याला कारण बाबा. ते आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रभर धावत्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रांचं सॉर्टिंग करणारी ही जमात तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसेल. बाबांना वर्धा, पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव ही स्टेशनं पाढ्यांसारखी पाठ. झोपेतून उठवून विचारा, कुठून कुठे किती वेळ ते सांगतील. मी हॉस्टेलवर, मग पीजीमध्ये आणि मग वाकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तरी त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न बदलला नाही. गाडीत असले की तर तो दर दोन तासांनी यायचा. "कुठवर पोचली?"

रात्री अडीचला जाग येऊन मी खिडकीतून बघायची. अंधार. "माहीत नाही बाबा, कुठेतरी शेतात उभी आहे गाडी."

"मलकापूरच्या अलीकडे असशील. पुढची मालगाडी जाऊ देत असतील. झोप."

आता किलोमीटरही सांगून टाकते. पुणे-नागपूर रेल्वेने 881. विमान ज्या सरळ रेषेत जातं, ती रेषा साधारण 620 ची. म्हणजे अडीचशेहून जास्त किलोमीटर आम्ही निव्वळ वळसा घालतो. गाडी आधी दौंडला जाते, तिथून नगर (आता अहिल्यानगर) करत सरळ उत्तरेला मनमाड, मग खानदेश, मग वऱ्हाड, मग कुठे नागपूर. पूर्वी दौंडला इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचे. आपण ज्या दिशेला तोंड करून बसलोय, त्याच्या उलट दिशेला गाडी निघाली की नवखा माणूस दचकायचा, "अहो, परत पुण्याला चालली की काय!" आता कॉर्ड लाइनमुळे ती गंमत बऱ्याच गाड्यांची संपली.

हा वळसा का, तर हा मार्ग आमच्यासाठी बनलेलाच नव्हता. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला. दौंड-मनमाड फाटा 1878 चा. नागपूरची पोरगी पुण्यात जाऊन कोडिंग करेल आणि दर दिवाळीला तिला घरी जायचं असेल, हे कुठल्या गोऱ्या इंजिनिअरला स्वप्नात दिसणार? तशी आमची दोन शहरं फार उशिरा एका घरात आली. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. लहानपणी बाबा मला झिरो माइलला घेऊन जायचे. चार घोडे आणि तो दगडी खांब. खांबाजवळच्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. हैदराबाद आहे, चांदा आहे, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आहे. पुणं नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. पुण्याशी आपला काय संबंध!

संबंध आला तो असा. हिंजवडीत शुक्रवारी संध्याकाळी सहाला मान मोडून काम संपवायचं, पाठीवर सॅक आणि हातात कपड्यांची बॅग घेऊन ट्रॅव्हल्सच्या पिकअपला उभं राहायचं. गाडी "पाच मिनिटांत येतेय" असं ऐकत पाऊण तास काढायचा. मग सिंगल स्लीपरमध्ये स्वतःला घडी घालून ठेवायचं. वाघोली पार होईपर्यंत दोन तास. म्हणजे पुणं सोडायलाच दोन तास! मग नगर, औरंगाबाद (तेव्हा औरंगाबादच होतं), जालना, आणि पुढे सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा. मेहकरच्या आसपास रस्ता असा काही व्हायचा की वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला आपण पाटा-वरवंट्यातला वरवंटा आहोत असं वाटावं. सकाळी आठ-नऊला घरी. अंगाचं भजं झालेलं. आई दारात. "किती काळवंडली बाप्पा!" एका रात्रीत कोण काळवंडतं? पण आईचं ते ठरलेलं वाक्य होतं आणि त्यानंतरचे तर्री पोहेही.

म्हणूनच जायचं तर आठ-नऊ दिवसांसाठीच. दोन दिवसांसाठी सोळा तास जायचं आणि सोळा तास यायचं, हा वेडेपणा कुणी करायचं नाही आणि कुणी कुणाकडून अपेक्षाही करायचं नाही.

ही अपेक्षा नसण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

2014 च्या जुलैत एका रविवारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. पाऊस, भाजी, शेजारच्यांचं लग्न. मग म्हणाली, "बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मंगळवारी. आता बरे आहेत, डाळ-भात जेवले." मंगळवारी झालेली गोष्ट मला रविवारी कळत होती! मी फोनवर इतकी ओरडले की फ्लॅटमेट बाथरूममधून धावत आली. आई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "तुला यायला सोळा तास लागले असते. सोळा तास गाडीत बसून तू काय केलं असतं? रडली असती. मग कशाला सांगायचं?"

तिचा हिशेब साधा होता. जिथे पोचता येत नाही, तिथली बातमी पाठवायची नाही. मला राग आला, मी दोन दिवस नीट बोलले नाही. पण आज हे लिहिताना कबूल करते, त्या रागाच्या खाली थोडं हायसंही वाटलं होतं. त्या आठवड्यात माझं पहिलं मोठं रिलीज होतं. बातमी मंगळवारी आली असती, तर मी काय केलं असतं, हे मला तपासावं लागलं नाही. सोळा तासांनी मला वाचवलं.

मग अंतर आटायला लागलं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. पुढचे तुकडे जोडत 5 जून 2025 ला सगळा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो रस्ता मुंबईचा. पण आम्ही पुणेवाल्या नागपूरकरांनी तो लगेच आपला करून टाकला. नगरवरून संभाजीनगर गाठायचं आणि तिथे समृद्धीवर चढायचं, की उरलेलं निम्म्याहून जास्त अंतर काचेसारखं. मेहकर कधी गेलं कळतही नाही. तीन-चार तास वाचले. बाबांना मात्र हा रस्ता आवडला नाही. "गाव लागत नाही एकही. कुठवर पोचली विचारलं, तर तू काय सांगशील? अमुक नंबरचं इंटरचेंज?"

आणि मग 1 जुलै 2023. त्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला येणाऱ्या खासगी बसला अपघात झाला, बस पेटली. 25 माणसं गेली. आमच्यासारखीच, शुक्रवारी रात्री घरून निघालेली. आईचा फोन सकाळी सहाला आला. "कुठी आहेस?"

"घरी. म्हणजे पुण्यात. झोपलेय अगं, काय झालं?"

ती बोललीच नाही. मी तिकडे नागपुरातला आमचा पंखा ऐकत राहिले. मी त्या आठवड्यात गावाला गेलेच नव्हते, हे तिला माहीत होतं. आदल्या रात्रीच आम्ही बोललो होतो. तरी तिला एकदा ऐकायचं होतं. नंतर म्हणाली, "रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यायचं नाही. माझी शपथ आहे." मी हो म्हटलं. हे वचन लक्षात ठेवा, पुढे ते मला फार उपयोगी पडलं. लाज वाटावी इतकं.

मग आलं विमानाचं पर्व. पगार वाढला होता. दीड तासाचं उड्डाण. पण वाकडहून लोहगाव गाठायला सव्वा तास, दीड तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगची वाट, मग सोनेगावहून घर. दारापासून दारापर्यंत पाच तास सहज. तरी पाच म्हणजे सोळाच्या तुलनेत काहीच नाही! मी एकदम आधुनिक मुलगी झाले. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी रात्री परत. ऑफिसमध्ये सांगायला बरं वाटायचं, "मी ना, वीकेंडला घरी जाऊन येते."

एकदा सुट्ट्यांचा हिशेब जुळवताना मी सहज तिकिटांचे जुने मेसेज आणि रजेचे अर्ज समोर घेऊन बसले. 2014 साली मी तीन वेळा नागपूरला गेले होते आणि सव्वीस दिवस राहिले होते. 2024 साली आठ वेळा गेले आणि राहिले सतरा दिवस. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा बेरीज केली. सतराच. त्यातही रविवारचा अर्धा दिवस बॅग भरण्यात जातो. आईला सांगितलं तेव्हा ती हसली. "मला माहीत आहे. तू आता येत नाहीस, डोकावतेस."

10 ऑगस्ट 2025 ला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. 881 किलोमीटर, बारा तास. बाबा कित्येक दिवस खूश. सकाळी 6.25 ला पुण्याहून निघायचं, संध्याकाळी 6.25 ला अजनी. "दिवसा प्रवास. मनमाड, भुसावळ, शेगाव, सगळं दिसणार तुला. आणि रात्रीच्या बसची कटकट नाही." त्यांनी थांब्यांची यादी वहीत लिहून काढली, मला तिचा फोटो पाठवला.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. गुरुवार होता, पोळा तोंडावर आला होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नागपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे साधारण वीस मिनिटं आधी मावळतो. आईचा रोजचा फोन देवापाशी दिवा लावून झाला की येतो. तिच्याकडे दिवेलागण झालेली असते, माझ्याकडे हिंजवडीच्या काचांवर अजून ऊन असतं. इतक्या वर्षांत मला त्याची इतकी सवय झालीय की तिचा फोन आला की मी ओळखते, आता आपल्याकडे वीस मिनिटांनी अंधार पडणार. त्या दिवशी त्याच वेळेला फोन वाजला, पण स्क्रीनवर नाव बाबांचं होतं.

महालक्ष्म्यांचे मुखवटे माळ्यावरून काढताना आई स्टुलावरून पडली होती. उजवं मनगट. डॉक्टर म्हणत होते प्लेट टाकावी लागेल, उद्या सकाळी अकराला ऑपरेशन. बाबांनी सगळं एका दमात सांगितलं आणि मग थांबले. मला अँजिओप्लास्टी पाच दिवसांनी कळली होती. या वेळी त्यांनी दोन तासांत कळवलं होतं. कारण आता पोचता येत होतं.

शुक्रवारी दुपारी क्लायंट पुण्यात येणार होता. सहा महिन्यांच्या कामाचा डेमो, आणि तो मी करणार होते. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी उभ्या होत्या आणि मी काय बोलले ठाऊक आहे? मी म्हटलं, "बाबा, आता या वेळी रात्रीची बसच मिळेल. आणि आईनं तर शपथ घातलीय ना..."

"हो हो. बस नकोच," बाबा म्हणाले.

"शनिवारी सकाळची वंदे भारत घेते. संध्याकाळी पोचते."

"चालेल. ये आरामात."

शुक्रवारी पहाटेच्या विमानाबद्दल मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. ज्या माणसाला नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ पाठ आहे आणि जो रोज सकाळी फोनवर विमानांच्या वेळाही बघतो, निव्वळ आवड म्हणून, त्याला ते सुचलं नसेल? फोन ठेवल्यावर मी तिकीट बघितलं. जागा होती. महाग होती, पण होती. मी ते पान बंद केलं आणि डेमोच्या स्लाइड्स उघडल्या.

डेमो उत्तम झाला. म्हणजे खरंच उत्तम. टाळ्या वगैरे. साडेबाराला बाबांचा मेसेज आला होता, "झाले. ठीक आहे." तो मी चारला वाचला.

शनिवारचा प्रवास बाबांनी म्हटलं तसाच झाला. सगळं दिसलं. शेगावचं स्टेशन आलं तेव्हा एरवी मी कचोरी घेतली असती. त्या दिवशी उतरलेच नाही. 6.25 ला अजनी, सातला घरी. आई पलंगावर बसलेली, हात गळ्यात, चेहरा उतरलेला. "किती काळवंडली बाप्पा," ती म्हणाली. एसी डब्यातून आले होते मी!

रात्री तिला वेणी घालून दिली. माझ्या हाताला सवय नव्हती, वाकडीच आली. तेव्हा ती बोलली. तक्रार म्हणून नाही, भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसं. "पूर्वी कुणी विचारलं, तर सांगता यायचं. पोरगी लांब असते. काल दवाखान्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, आता तर पुणं जवळ झालं ना, ट्रेनही आली. मी काय सांगू? म्हटलं, हो, जवळ झालं."

मी वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

रविवारी सकाळी 9.50 ची परतीची गाडी. सोमवारी क्लायंटबरोबर पुढची मीटिंग होती, ती मीच डेमोच्या आनंदात मान्य करून टाकली होती. बाबा अजनीला सोडायला आले. प्लॅटफॉर्मवर घड्याळ बघत म्हणाले, "येणं बारा तास, जाणं बारा तास. घरी पंधरा तास पंचवीस मिनिटं." टपालाच्या थैल्या मोजाव्या तसं म्हणाले. मग डबा हातात दिला. तिखट-मिठाच्या पुऱ्या. त्यांनी स्वतः केलेल्या, कडेने जरा करपलेल्या. गाडी सुटली. वर्ध्याला फोन आला. "कुठवर पोचली?" बडनेऱ्याला आला. अकोल्याला आला. मनमाडपर्यंत येत होता. त्या डब्यात पुढचं स्टेशन काय, किती वाजता, सगळं पाटीवर झळकत असतं आणि बाबांच्या फोनवरही गाडी कुठे आहे ते दिसतं. तरी ते विचारत होते आणि मी सांगत होते.

महालक्ष्म्या त्या वर्षी काकूने उभ्या केल्या. मी नव्हते.

सप्टेंबरात मी दिवाळीच्या रजेचा अर्ज टाकला. नऊ दिवस. पुढे-मागे दोन वीकेंड. आमचे नवे मॅनेजर बेंगळुरूचे. माणूस चांगला, पण नकाशा कच्चा. व्हिडिओ कॉलवर माझा अर्ज उघडून बघत म्हणाले, नऊ दिवस जरा जास्त होतायत का? त्या आठवड्यात टीममधले बरेच जण नाहीत. नागपूर महाराष्ट्रातच ना? मध्ये कुठेतरी वाचलं, नवीन ट्रेन वगैरे सुरू झालीय. किती वेळ लागतो आता?

मी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं.

"सोळा तास, सर," मी म्हटलं. "वन वे."